सात रात्री, तीन घरं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आमच्या चार घरांनी एका विहिरीचं पाणी कुणी कधी घ्यायचं, त्या पाळ्या मी संगणकाला मांडायला सांगितल्या आणि तो ‘अशक्य’ म्हणाला, असं मी लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सर उदगीरकडचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेचं वेळापत्रक त्यांनी 22 वर्षं स्वतःच्या हातानं केलं. ते म्हणतात, पाळ्या समजुतीनं ठरतात, गणितानं नाही. तुमचा संगणक म्हणाला ‘अशक्य’, पण त्याच पाळ्या तुमच्या घरात वर्षानुवर्षं चालल्या, मग चुकलं कोण? आणि भाऊबंदकीच्या निर्णयातही आता एआय घुसवायचं का?

एआयचं आधी मिटवतो. मी वापरलं ते कन्स्ट्रेंट प्रोग्रॅमिंग, म्हणजे अटी सांगायच्या आणि त्या सगळ्या पाळणारी मांडणी यंत्राकडून शोधून घ्यायची. गप्पा मारणाऱ्या हल्लीच्या यंत्रांशी त्याची गल्लत नको. ही कल्पना जुनी आहे. 1963 मध्ये आयव्हन सदरलँडच्या ‘स्केचपॅड’ या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये दोन रेषा समांतर ठेव असं सांगितलं की संगणक त्या समांतर ठेवायचा. अटींवरून नको ते पर्याय आधीच छाटायची एक ठाशीव रीत ॲलन मॅकवर्थ यांनी 1977 मध्ये मांडली. यात अंदाज नसतो. अटी नीट लिहिल्या असतील तर ‘अशक्य’ म्हणजे अशक्यच.

आणि सर, राग मानू नका, पण 22 वर्षं तुम्ही हेच करत होतात. विज्ञानाचे सर दोन शाळा सांभाळतात, ते बुधवारी येत नाहीत, असं कळलं की तुम्ही बुधवारच्या रकान्यांत त्यांच्या नावावर काट मारायचात. ती छाटणी. सगळ्यात अडचणीचा शिक्षक आधी बसवायचा, मराठीच्या बाई कुठंही बसतात, त्यांचे तास शेवटी. हेच शहाणपण हॅरॅलिक आणि इलियट यांनी 1980 मध्ये शोधनिबंधात लिहिलं: जिथं अडण्याची शक्यता जास्त, तिथं आधी हात घाला. आणि दहावी ‘ब’ला येऊन सगळं अडलं की तुम्ही खोडरबर घेऊन दोन पावलं मागं जायचात. यंत्रही तसंच मागं येतं. फरक एवढाच की ते कंटाळत नाही, आणि कोणता रस्ता बंद निघाला ते विसरत नाही.

आता ‘अशक्य’कडे येतो.

आमचं घनसावंगी तालुक्यातलं शेत. विहीर एक, मोटर एक, घरं चार. आमच्याकडे थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रोज एका घराची पाळी धरली तर 14 दिवसांच्या मांडण्या होतात 26 कोटी 84 लाखांच्या वर. मी गूगलच्या ओआर-टूल्समधलं सीपी-सॅट हे अशा अटी सोडवणारं सॉफ्टवेअर वापरलं, ते मोफत मिळतं. त्याला अटी दिल्या. थोरल्या काकांना रात्रीची पाळी नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बाकी कुणालाही रात्रीच्या आठवड्यात दोनपेक्षा जास्त रात्री नाहीत. एकही रात्र रिकामी जाऊ द्यायची नाही, गहू शेवटच्या पाण्यावर आहे. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं: जमत नाही.

त्यासाठी त्यानं 26 कोटी मांडण्या तपासल्या नाहीत. काका वगळले की उरली तीन घरं, प्रत्येकी दोन रात्री, झाल्या सहा. आठवड्याच्या रात्री सात. तिसरीतल्या पोराला कळेल असं हे गणित, पण घरात कुणी ते मांडलंच नव्हतं.

मग इतकी वर्षं चाललं कसं? तुमचा हा प्रश्न बरोबर जागी बसलाय. उत्तर मला लेख लिहितानाही माहीत होतं, लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. सातवी रात्र आमच्या धाकट्या काकांचा सालगडी काढायचा. पाडव्याला साल ठरतं तेव्हा त्यात ही रात्र कुणी बोलत नाही. गव्हात दारं धरायची, थंडीत चिखलात उभं राहायचं, डुकरांच्या भीतीनं बॅटरी फिरवत राहायचं, आणि सकाळी पुन्हा धारेला हजर. चार घरांची समजूत झाली होती खरी, पण ज्याच्या जिवावर झाली तो बैठकीला कधीच नव्हता. माझ्या अटींतही त्याचं नाव नव्हतं. म्हणूनच यंत्र अडलं. त्यानं ‘अशक्य’ म्हटलं नसतं, तर मीही ती रात्र कुठंतरी ढकलून मोकळा झालो असतो.

पुढचं मात्र तुमच्या बाजूचं आहे, तेही सांगतो. कोणत्या अटी एकमेकींशी भांडतायत हे यंत्राला विचारता येतं. तसं विचारून आलेल्या तीन अटी मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिल्या आणि ओसरीवर सगळ्यांसमोर ठेवल्या. थोरल्या काकांनी कागद डोळ्यांजवळ धरला, पहिली ओळ वाचली आणि म्हणाले, “हे कुणी लिहिलं?”

मी म्हणालो, “मीच. तुमचं ऑपरेशन...”

“माही मोसंबी ठिबकवर हाये. दिस मावळता व्हॉल्व्ह फिरवून ठेवला, घरून मोबाइलवर मोटर लावली की झालं. रातच्याला कामून जावं लागतं?”

ओसरीवर दोन मिनिटं कुणी बोललं नाही. ऑपरेशनला दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षांत एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. ‘काकांना रात्र नाही’ ही अट काकांची नव्हतीच, ती आमच्या आदराची होती. ती ढिली केली, दोन, दोन, दोन आणि एक, सात रात्री बसल्या. एक अट मात्र वाढली: सालगड्याला रात्री पाठवायचं तर त्याला आधी विचारायचं आणि दुसऱ्या दिवशी धार घरच्यांनी काढायची. धाकटे काका थोडे कुरकुरले. काकू नाही कुरकुरल्या, हे मुद्दाम नोंदवतो.

तेव्हा निर्णय यंत्रानं घेतला असं मी कुठंच म्हणत नाही. कोणती अट पक्की आणि कोणती ताणता येते, हे ठरवणं हाच निर्णय, आणि तो मी एकट्यानं, कुणाला न विचारता, लॅपटॉपवर बसून घेतला होता. तुमचा आक्षेप यंत्रावर होता. तो माझ्यावर घ्यायला हवा होता. असाच एक घोळ अजून आहे. जमणाऱ्या मांडण्यांतली कमीत कमी त्रासाची निवडता यावी म्हणून गैरसोयींना मी गुण दिले होते, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास: आठवडी बाजाराचा दिवस बुडाला तर 3, लागोपाठ दोन रात्री आल्या तर 10. हे 3 आणि 10 आले कुठून? माझ्या डोक्यातून. काकूंच्या मते बाजार बुडणं जास्त वाईट, कारण आठवड्याचा भाजीपाला विकून हातात येणारा पैसा त्यांचा असतो. तो आकडा आता त्यांना विचारून बदलतोय.

तुम्हाला एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या 22 वेळापत्रकांत दुपारच्या जेवणानंतरचा पहिला तास, पोरं पेंगतात तो, बहुतेक कुणाच्या वाट्याला यायचा? आणि ते त्यांना विचारून ठरायचं का?