खुलासा: मल्टिव्हिटॅमिन म्हणजे कमतरतेवरचा उपचार नव्हे

‘रोज एक मल्टिव्हिटॅमिन घ्या, वेगळ्या गोळ्या लागत नाहीत’ हा मेसेज परवा मीही पुढे पाठवला होता. तो चुकीचा आहे. डबीमागचा तक्ता नीट वाचला तेव्हा लक्षात आलं. बी-१२ अनेकदा जेमतेम काही मायक्रोग्रॅम असतं. कमतरतेत डॉक्टर रोज १००० मायक्रोग्रॅमपर्यंत देतात, कधी इंजेक्शनही. लोह तर कित्येक गोळ्यांत नसतंच.

जास्त काळजी फॉलिक ॲसिडची, म्हणजे बी गटातल्याच आणखी एका जीवनसत्त्वाची. ते भरपूर घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसू शकतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. पायाला मुंग्या येत असतील तर आधी रक्त तपासा. लोहही मनाने सुरू करू नका, जादा लोह शरीरात साठतं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.