‘जागरूक पालक’ यांना, जरा सवडीने

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि मुद्दाम एक रात्र जाऊ दिली. रागाच्या भरात लिहिलं की आपलंच हसं होतं.

साध्या सर्दी-खोकल्यात लहान मुलांची अख्खी विषाणू पॅनेल चाचणी (नाकातल्या एकाच नमुन्यात अनेक विषाणू शोधणारी) करून फारसं हाती लागत नाही, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, त्यात कीस कसला काढायचा? अर्धवट ज्ञानावर लोकांच्या मुलांशी खेळू नका.”

आधी एक कबूल करते. रॅपिड चाचणीबद्दल लिहिताना एके ठिकाणी ‘अँटिजेन’ (विषाणूचा अंश) ऐवजी ‘अँटिबॉडी’ (त्याविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) पडलं होतं. चूक माझीच. दुरुस्त केलीय, आभार. पण एका शब्दावरून माणसाचं सगळं ज्ञान अर्धवट ठरत असेल, तर तुम्ही ‘व्हायरस’ तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलाय. (मोजायला नको होतं, पण मोजलं.)

आता ते ‘अर्धवट ज्ञान’. चौदा वर्षं मी प्रयोगशाळेत हेच नमुने घेत होते. दोन वर्षांचं पोर आईच्या मांडीवर, हात टॉवेलात गुंडाळलेले, कपाळ कुणीतरी मागे धरलेलं. काडी वरच्या दिशेने न्यायची नाही, नाकाच्या तळावरून सरळ मागे सरकवायची. बाहेर येताना शेंबडाबरोबर कधी रक्ताचा ठिपकाही येतो. मग खाचेवर काडी मोडायची आणि गुलाबी द्रवाच्या नळीत झाकण लावून बंद करायची. पोराचं रडणं मिनिटभरात थांबतं, आईचं थांबत नाही. हे तुम्ही किती वेळा पाहिलंय?

आणि कीस का काढायचा, तर तो काढावाच लागतो म्हणून. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे पीसीआर, म्हणजे पॅनेलमागची जनुकीय चाचणी, बघतच नाही. त्याच्या जनुकीय तुकड्याच्या प्रती ती दर आवर्तनात जवळपास दुप्पट करत सुटते, अशी पस्तीस-चाळीस आवर्तनं. चिमूटभर उरलेलंही त्यात सापडतं. रायनोव्हायरस या सर्दीच्या विषाणूचे 160 पेक्षा जास्त प्रकार आहेत, आणि सर्दी जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी त्याचे अंश नाकात राहू शकतात. बोकाव्हायरस हा श्वसनमार्गातला दुसरा विषाणू तर महिनोन्महिने रेंगाळतो. अंगणात उड्या मारणाऱ्या, ठणठणीत पोरांच्या नाकातही हे दोघे भेटतात. मग आजचा ताप त्यांचाच, हे कागद कसं सांगणार? आरएसव्ही (लहान बाळांच्या छातीत उतरणारा विषाणू) आणि इन्फ्लुएंझा म्हणजे फ्लू, यांचं वेगळं. ते धडधाकट मुलात क्वचितच मिळतात, त्यामुळे तिथल्या पॉझिटिव्हला वजन असतं. हे मूळ लेखात होतं. वाचलंत का?

माझी स्वतःची मुलगी दीड वर्षाची असताना छातीत घरघर सुरू झाली. हाताशी यंत्र असलेली आई मी, पॅनेल लावलंच. आरएसव्ही, रायनो, बोका, तिन्ही एकदम! कागद नाचवत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्यावर नजर टाकली, तो पालथा ठेवला, तिचं झबलं वर केलं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. अठ्ठावन्न. बरगड्यांमध्ये कातडी आत ओढली जातेय का तेही पाहिलं. नाक साफ करणं, ऑक्सिजन, अंगात पाणी राहील याची काळजी, एवढेच उपचार झाले. कागद कोरा असता तरी हेच झालं असतं. त्या रात्री मी जे शिकले ते तुमच्या दोन ओळींनी पुसलं जाणार नाही.

बाकी तुमचे मुद्दे, म्हणजे वॉर्डात कोणत्या बाळाला कोणाशेजारी ठेवायचं ते चाचणीवर ठरतं, फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत द्यायला निदान लवकर लागतं, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं गणित निराळं असतं वगैरे. असेल. माझा लेख घरच्या सर्दीवर होता. एका लेखात सगळं जग मावत नाही.

मी डॉक्टर नाही, हा तुमचा ‘गौप्यस्फोट’ माझ्या परिचयाच्या पहिल्याच ओळीत छापलेला आहे.

आणि हो, ‘बोकाव्हायरस’ हे नाव मी पोरकट विनोद म्हणून घडवलेलं नाही. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या विषाणूंशी नातं म्हणून ‘बोव्हाइन’मधला बो आणि ‘कॅनाइन’मधला का. मांजराचा काही संबंध नाही.