रिसेप्शनवर नको, काउंटरवर विचारा

लेखात 'परदेशात चांगला बार हवा तर हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारा' असं लिहिलंय, ते काही पटलं नाही. टोकियोत तसं विचारलं आणि खिसा रिकामा करून आलो. दुसऱ्या रात्री तिथल्याच शिंजुकू भागातली 'गोल्डन गाय' ही बारची वस्ती गाठली. आपल्या बेळगावच्या गणपत गल्लीतला बोळही रुंद वाटावा अशा 6 बोळांत 200च्या आसपास बार, एकेकात जेमतेम सात-आठ खुर्च्या! बऱ्याच ठिकाणी नुसतं बसायचे पैसे वेगळे, दारावरची पाटी आधी वाचा. न मागता वाटीभर चटकमटक पुढे येतं, तेही बिलात धरलेलं असतं. पुढचा बार कुठला, हे बारवाल्यालाच विचारायचं. आणि शेवटची ट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास सुटते हं! गोव्याहून चोर्ला घाटातून वाट्टेल तेव्हा परतायची आपली सवय तिथं महागात पडते.