यादीत नसलेला 47 नंबर

मार्च 1975 मध्ये महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि त्याच वर्षी जुन्या पद्धतीची अकरावीही मॅट्रिकला बसली, त्यामुळे नागपुरातील आमच्या कॅथलिक मुलांच्या बोर्डिंगमधून एकाच उन्हाळ्यात दोन बॅच बाहेर पडल्या. त्याला पन्नास वर्षे झाली. सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळावा आधी डिसेंबरात ठरला होता, परंतु हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत बाहेरगावच्या मित्रांसाठी शहरात खोल्या मिळणे कठीण, म्हणून तो 31 जानेवारीला नेला आहे. संयोजक मित्र मनापासून राबत आहेत. तरीही निमंत्रितांची यादी पाहिल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण ती त्या वर्षीच्या निकालावरून केलेली आहे, आणि आमच्यासोबत चार-पाच वर्षे एका छपराखाली झोपलेली पण परीक्षेपर्यंत न पोहोचलेली मुले तिच्यात नाहीत.

बोर्डिंगमध्ये प्रत्येकाला एक नंबर असे. तो ट्रंकेवर रंगवलेला असे आणि धोब्याकडे कपडे बदलू नयेत म्हणून कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने शिवलेलाही असे. माझा नंबर 48, म्हणून शेजारची खाट 47 ची. तो मध्य प्रदेशातील सौंसरकडचा, छिंदवाड्याच्या छोट्या लाइनच्या रेल्वेगाडीने यायचा आणि दर सुट्टीनंतर ट्रंकेतून आईने केलेले तिळाचे लाडू आणायचा. पाचवीत मी पहिल्यांदा घर सोडले तेव्हा रात्री दिवे मालवल्यावर रडत असे, आणि तो काही न बोलता आपली खाट माझ्या खाटेला लावून घेत असे. सकाळी ख्रिस्ती मुले मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, गेली की आम्ही बाकीचे स्टडी हॉलमध्ये बसत असू. त्या तासात त्याने मला बीजगणित शिकवले. दहावीला गणितात मला जे गुण मिळाले, ते मी आजवर केवळ माझे मानलेले नाहीत.

नववीच्या सहामाहीनंतर फी थकली म्हणून त्याला घरी पाठवले. आम्ही मैदानावरून परतलो तेव्हा त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. फादरांनी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्याला असे पाठवायला नको होते, हे मला आजही ठामपणे वाटते. आम्ही विचारायला हवे होते, हेही तितक्याच ठामपणे वाटते.

ग्रुपवर मी हा विषय काढला तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की, इतक्या जुन्या मुलांचा पत्ता लागणार कसा? शाळेतील जनरल रजिस्टर कायमचे जपून ठेवायचे असते, कारण शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच दिला जातो. दहावीपर्यंत पोहोचलेल्या आणि न पोहोचलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते आणि शाळा केव्हा व का सोडली हेही लिहिलेले असते. शाळेकडे रीतसर विनंती करून दोन दिवस ते रजिस्टर चाळले, तर निम्मी माणसे सापडतील. दुसरा आक्षेप मला अधिक लागला. अशा माणसाला आपल्यात यायला संकोच वाटेल, असे एका मित्राने लिहिले. संकोच वाटेल की नाही हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. न बोलावून आपणच ते ठरवतो आहोत, आणि नववीत त्याच्याबाबतीत जे घडले तेच पुन्हा घडवतो आहोत.

31 जानेवारी हा संत जॉन बॉस्को यांचा सण, 1888 मधील त्यांच्या निधनाचा दिवस. इटलीतील ट्युरिन शहरात कामाच्या शोधात भटकणारी आणि तुरुंगातून सुटलेली मुले त्यांनी जवळ केली. त्या मुलांपैकी कित्येकांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नव्हते. आपली तारीख योगायोगाने पडली असेल, परंतु त्या दिवशी केवळ उत्तीर्ण मुलांचा सोहळा करणे मला जमणार नाही. मेसमधल्या भाऊंना आणि धोब्याच्या घरच्यांनाही निमंत्रण जायला हवे. वर्गणीतून नवे प्रवेशद्वार बांधण्याचा बेत आहे. त्याऐवजी तो पैसा आज बोर्डिंगमध्ये फी थकलेल्या मुलांच्या नावे जमा करावा, म्हणजे कोणाची गादी सत्राच्या मध्येच गुंडाळली जाणार नाही.

काल मी नोंदणी केली आणि दोघांचे शुल्क भरले. दुसऱ्या अर्जात नावाच्या जागी त्याचे नाव लिहिले, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष कोरे सोडले आणि त्यापुढे 47 लिहिले. सौंसरच्या बाजूला कोणाची ओळखपाळख असेल, तर कृपया मला कळवा. येत्या रविवारी मी स्वतः तिकडे निघतो आहे.