शनी नको, चंद्र दाखवा

ठाण्यात तलावपाळीला फूटपाथवर दुर्बीण लावली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती घेता?" फुकट म्हटलं की माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. फुकटवाल्याचा नंतर फोन येतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय.

चंद्राला कुणाची ना नसते. अष्टमीच्या आसपास, विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असताना, लोक डोळा लावतात, "आईशप्पथ" म्हणतात आणि मग नळीच्या तोंडाशी वाकून बघतात, आत चित्र चिकटवलंय का. (पौर्णिमेला मी चंद्र लावतच नाही. सगळं सपाट दिसतं.)

खरी गंमत शनीला. परवा एक काकू रांगेतून बाहेरच पडल्या. "शनी नको हो, याला साडेसाती चालू आहे. चंद्र दाखवा." याला म्हणजे शेजारच्या तरण्या मुलाला. पूर्वी मी इथे अंधश्रद्धेवर भाषण ठोकायचो आणि रांग पांगायची. आता हिशोब सांगतो. शनीची सूर्याभोवती एक फेरी साडेएकोणतीस वर्षांची. राशी बारा, म्हणजे एकीत साधारण अडीच वर्षं. मागची, आपली, पुढची मिळून साडेसात. दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी कुणीतरी हे टिपून ठेवलं! शनी छळतो हे मला पटत नाही, पण तो वाद फूटपाथवर घालू नये.

मुलगा बघून म्हणाला, "कडी कुठाय? ही तर रेघ." बरोबर. मार्च २०२५ मध्ये कडी आपल्याकडे अगदी धारेवर आली होती. दर पंधराएक वर्षांनी असं होतं, आणि ती पुन्हा उघडतात हळूहळू. मग काकूंनी चपला काढल्या, हात जोडले नि डोळा लावला.

"अहो, पळाला!"

"तो नाही काकू, आपण फिरतोय."

आमच्या दुर्बीणवाल्यांतले बरेच जण म्हणतात, शहरात काय दिसतंय, अंधारात वांगणीला चल. तेजोमेघांसारख्या अंधुक गोष्टी बघायच्या तर जायलाच हवं. पण चंद्र, गुरू, शनी यांना रस्त्यावरचे दिवे आड येत नाहीत, आणि भेळ खात फिरणारा माणूस वांगणीला येत नाही. अमेरिकेतल्या वेदान्त मठातला साधू जॉन डॉब्सन, त्याला दुर्बिणींच्या नादापायी १९६७ मध्ये मठ सोडावा लागला. तो दुर्बीण घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवरच येऊन उभा राहिला. माझ्या दुर्बिणीची प्लायवूडची बैठक त्याच्याच पद्धतीची.

येत्या शनिवारी पुन्हा तलावपाळीलाच आहे. वेळ मुद्दाम साडेसातची ठेवलीय.