साखर कमी होणंही मेंदूला तितकंच घातक

रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि विसराळूपणा वाढतो, हे मधुमेह आणि मेंदूवरच्या तुमच्या लेखात छान समजावलंय. पण साखर एकदम उतरते तेव्हा काय होतं, तेही यायला हवं होतं. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के त्यालाच लागते आणि ती मुख्यतः ग्लुकोजमधून मिळते.

आमच्या आईने आषाढीला उपास धरला, मधुमेहाची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. अकराच्या सुमारास रिकामं पातेलं गॅसवर ठेवून ती नुसती बघत उभी होती. मला म्हणाली, "तू कोण गं?" कपाळ घामाने डबडबलेलं. ग्लुकोमीटरवर साखर फक्त ४८! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, वीसेक मिनिटांनी भानावर आली. त्याआधीही दोन-तीनदा ती अशी बरळली होती आणि आम्ही "वय झालं" म्हणून सोडून दिलं, याचं फार वाईट वाटतं. साखर उतरण्याचे असे तीव्र झटके वारंवार आले तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरातलं वयस्कर माणूस अचानक असंबद्ध बोलू लागलं तर कृपा करून आधी साखर तपासा. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, तेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.