क्लचला तेल मारा म्हणणाऱ्यानं आधी बाईकच्या तेलाचा डबा वाचावा

गेल्या आठवड्यात तासगावच्या मामेभावाचा फोन. "आण्णा, मशीनचा क्लच आता जास्तच सरकाय लागलाय." जास्तच म्हणजे? आधी काय केलंस ते सांग म्हणलं तर गप्प. मग हळूच एक मेसेज फॉरवर्ड केला, जो मला दोन दिवसांत तीन ग्रुपवर आलेलाच होता. "लाकूड कार्व्हिंग मशीनचा क्लच स्लिप होतोय? मेकॅनिकला पैसे देऊ नका, ५ घरगुती उपाय." पहिला उपाय, क्लचवर तेलाचा स्प्रे मारा. दुसरा, राळ लावा. तिसरा, स्प्रिंगचा नट पार आवळा, तरीही सरकला तर एमसीलने लॉक करा. चौथा, पट्टा आवळा. पाचवा, मशीन तासभर रिकामं पळवा, क्लच "बसतो". आमच्या पठ्ठ्यानं पहिला उपाय करून टाकला होता आणि तिसऱ्यासाठी एमसील आणायला निघाला होता, तेवढ्यात देवानं बुद्धी दिली आणि फोन केला.

त्याचं मशीन सेकंडहँड, घरात बसवायचं छोटं. फळी रोलरखालून पुढंमागं सरकते, आणि वरचं कोरणारं हेड हँडल फिरवून फळीवर दाबून बसवायचं. हँडलपाशी स्प्रिंगचा छोटा फ्रिक्शन क्लच आहे. दाब पुरेसा झाला की तो सुटतो आणि हँडल मोकळं फिरतं. तो वेळेआधीच सुटला तर हेड नीट बसत नाही, फळी रोलरखाली सरकते आणि नावाच्या पाटीवर "श्री" एकीकडं, आडनाव भलतीकडं. त्याच्या दोन सागवानी पाट्या अशाच वाया गेल्यात.

आता तेल. अरे बाबांनो, क्लच चालतोच मुळी घर्षणावर! दोन तोंडं एकमेकांना घट्ट धरतात म्हणून ताकद पुढं जाते, त्यात तेल घालायचं म्हणजे मल्लखांबाला तूप चोळून वर चढ म्हणायचं. मेसेजवाल्याचा युक्तिवाद काय, तर "बाईकचा क्लचसुद्धा तेलातच असतो". हे मात्र खरंय, कबूल. बहुतेक गिअरच्या बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. पण तो तेलात चालण्यासाठीच बनवलेला असतो, एकावर एक बऱ्याच प्लेटा, जोरकस स्प्रिंगा, आणि तेलसुद्धा कुठलंही चालत नाही. घरात बाईकच्या तेलाचा डबा असेल तर मागं बघा, जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. हे जपानी स्टँडर्ड आहे, आणि ते आलंच कशासाठी, तर तेल जास्त बुळबुळीत झालं की ओला क्लच घसरतो म्हणून. स्कूटरच्या तेलावर एमबी असतं, ते कमी घर्षणाचं, ते गिअरच्या बाईकला घालू नका म्हणतात ते ह्याचसाठी. म्हणजे जो क्लच आयुष्यभर तेलात राहतो त्यालासुद्धा चुकीचं तेल सोसत नाही, आणि तुम्ही कोरड्या क्लचवर स्प्रे मारताय. कारचा क्लच कोरडा असतो, इंजिनचं ऑइल सील गळून तेल प्लेटवर आलं की काय होतं ते कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा.

त्यात तो स्प्रे म्हणजे डब्ल्यूडी-४०. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. १९५३ सालचं अमेरिकेतलं काम, क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. गंजाला उत्तम. क्लचला नाही.

राळेचं म्हणाल तर अर्धं खरंय. जुन्या गिरणीवाल्यांनी पट्ट्याला राळ लावलेली आपण बघितलीय, आणि मिरजेत सारंगीच्या गजाला राळ लागतेच. पकड येते. पण राळ ७०-८० अंशाला मऊ पडते, क्लच घसरून गरम झाला की ती चिकट होणार, वर लाकडाचा भुस्सा बसणार आणि गार झाल्यावर काचेसारखा थर. कशाला?

तिसऱ्या उपायावर मात्र माझं डोकंच फिरलं. क्लच लॉक करा! कॉर्डलेस ड्रिलच्या पुढं आकड्यांची रिंग असते ना, ती कशासाठी असते? स्क्रू बसला की सुटायला. हा क्लचही तसाच, सुटणं हेच त्याचं काम. तो एमसीलने बंद केला की हँडल मारणाऱ्याला कळणारच नाही कुठं थांबायचं, मग बारीक फळी चिरणार, नाहीतर हेडचा स्क्रू वाकणार. स्प्रिंगचा नट थोडा आवळणं वेगळं, तेही मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच.

पट्ट्याचा ह्या क्लचशी संबंधच नाही. रिकामं पळवून हा क्लच बसत नसतो, तो हँडल मारल्यावरच फिरतो.

रविवारी गेलो तासगावला. प्लग काढला, फळी काढली, हेड हवेत ठेवून हँडल मारलं, तर क्लच तिथंच सुटला. खाली काहीच नाही, दाब कशाचा? म्हणजे हेडच जड चाललंय. मग मामेभावानं सांगितलं की आधीच्या मालकाचं हे मशीन सांगलीत वखारभागात होतं, २०१९ च्या महापुरात. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हाचा महापूर! हेडच्या खांबांना आतून तांबेरा, त्यावर पाच-सहा वर्षांचा भुस्सा. क्लच बिचारा स्प्रे मारेपर्यंत बरोबर काम करत होता.

खांब आणि स्क्रू घासून साफ केले, आणि हो, तिथं तेल लावलं. म्हणजे मेसेजवाल्याचं तेल बरोबर होतं, जागा चुकली, एवढं श्रेय देतो, जास्त नाही. हेड आता एका हातानं खाली येतं. बाथरूमचा वजनकाटा खाली ठेवून हँडल मारलं, क्लच सुटेपर्यंत किती किलो दाब येतो ते बघितलं, तर मॅन्युअलपेक्षा अजून बराच कमी. कारण क्लचच्या फायबर प्लेटनं तो स्प्रे पिऊन टाकलाय. तेल काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसलं, वाळवलं, परत ओलसरच. नवीन प्लेट मागवलीय, यायला पंधरा दिवस, आणि तोवर वास्तुशांतीच्या तीन पाट्यांची ऑर्डर तो हातानं पटाशी घेऊन कोरत बसलाय.